फक्त कामाची खोली

इमारतीत त्यांना टकटकबाई म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण भिंती पातळ होत्या आणि जिन्यात आवाज घुमायचा, त्यामुळे त्यांना ते केव्हाच कळलं होतं. राग आला नाही. नावं ठेवण्याइतकी तरी कुणी आपली दखल घेतली, याचं उलट जरा बरंच वाटलं. दिवसभर त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून कीबोर्डचा आवाज यायचा. खालच्या मजल्यावरची शिंपीण म्हणायची, "मशीन माझ्या घरात आणि शिवण चालते यांच्याकडे!"

बाई ऐकून लिहीत. म्हणजे असं, की कुठल्या तरी डॉक्टरने पेशंटबद्दल बोलून ठेवलेलं, कुठल्या कंपनीची मीटिंग, कुठली चौकशी, कुणाची मुलाखत, अशी रेकॉर्डिंग एका वेबसाइटवर येत. कानाला हेडफोन लावायचा, पायाखाली पेडल घ्यायचं, पाय दाबला की आवाज सुरू आणि उचलला की बंद, आणि ऐकलेलं टाइप करत जायचं. पैसे रेकॉर्डिंगच्या मिनिटावर. माणूस तोफेसारखा सुटला तरी तेवढेच आणि रडतखडत बोलला तरी तेवढेच. काही कामं 'जसंच्या तसं' या प्रकारची असत. त्यात बोलणाऱ्याचं अं-अं, खोकणं, गप्प बसणं, सगळं नोंदवावं लागे. तो जरा जास्त वेळ थांबला, की तिथे 'विराम' असं लिहायचं. या कामाने बाईंचा कान असा काही तयार झाला होता, की माणूस उत्तराआधी किती थांबला यावरून तो खरं बोलणार की सारवासारव करणार, हे त्यांना आधीच समजे.

म्हणजे दिवसभर कानात माणसंच माणसं, आणि त्यांतल्या एकालाही बाई या जगात आहेत याचा पत्ता नाही. भाजी घ्यायला खाली उतरल्या की पहिला शब्द घशातून नीट बाहेरच पडत नसे, तेव्हा त्यांच्या लक्षात येई की सकाळपासून आपण तोंड उघडलेलंच नाही. बाई एकट्या होत्या आणि त्यांना ते टोचत होतं. हे आडून आडून सांगण्यात काही अर्थ नाही.

मुलगा शाळेत असतानाच नवरा वारला होता. मुलगा शिकला, लिफ्ट बसवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत इंजिनियर झाला आणि दुसऱ्या देशात गेला. मुलगा वाईट नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढे कुणीतरी उगाच त्याच्या नावाने बोटं मोडत बसेल. तो फोन करायचा, तब्येत विचारायचा, पैसे पाठवू का म्हणायचा. बाई नको म्हणायच्या. भाड्याच्या दोन खोल्यांत बाई स्वयंपाकघरात झोपत, त्याची खोली मात्र त्यांनी होती तशी ठेवली होती. पलंग, त्यावर चादर, टेबलाखाली त्याचे बूट. चादर त्या नेमाने बदलत. न वापरलेली चादर का धुवायची, असं विचारणारं घरात कुणी नव्हतं.

आधी बाई एका मोठ्या दवाखान्याच्या कार्यालयात टायपिस्ट होत्या. तिथला हिशेबनीस दर महिन्याला पगारातून टॅक्स कापून घ्यायचा. बाईंची समजूत अशी, की टॅक्स ही कार्यालय आणि सरकार यांच्यातली भानगड आहे, आपण मधे नाक खुपसायचं कारण नाही. मग कार्यालयाने टायपिस्टांचा विभागच बंद केला आणि बाई घरी बसून वेबसाइटचं काम करू लागल्या. पहिले पैसे खात्यात आले ते अख्खे, काहीही न कापता. बाई हरखल्या. त्यांनी मनाशी ठरवून टाकलं, की ज्या अर्थी कुणी कापलं नाही त्या अर्थी कापायचं नसणार. घरबसल्या चार पैसे मिळवणाऱ्या बाईकडून सरकार काय घेणार? असं म्हणत दोन वर्षं त्या निर्धास्त राहिल्या.

त्यांचा हा भ्रम फुटला तोही कानातूनच. एके दिवशी एक रेकॉर्डिंग आलं. कुणी गृहस्थ कुठल्याशा सभागृहात भाषण देत होते. बाईंच्या धंद्यात शब्द कानातून थेट बोटांत उतरतो, मधे डोक्याला काम नसतं. बोटं चालली होती. गृहस्थ म्हणत होते, "घरी बसून काम करणारे, फेरीवर पैसे घेणारे, मिनिटावर पैसे घेणारे, तुम्ही सगळे ऐका. तुमचा टॅक्स कुणी कापत नाही, याचा अर्थ तुम्हाला टॅक्स नाही असा होत नाही. कापणारा नाही म्हणून भरणारे तुम्हीच. मालकही तुम्ही आणि हिशेबनीसही तुम्ही." बाईंची बोटं 'मिनिटावर पैसे घेणारे' इथपर्यंत आली आणि थांबली. त्यांनी पाय उचलला, तेवढाच भाग परत ऐकला, आणि पुन्हा परत ऐकला. कितीतरी वर्षांत कानातल्या कुणी त्यांना उद्देशून काही म्हटलेलं नव्हतं. म्हटलं ते हे.

भाषण त्यांनी चोख टाइप करून पाठवलं, कारण कामात कसूर करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. मग त्या पलंगावर... नाही, मुलाच्या पलंगावर त्या बसत नसत. स्वयंपाकघरातल्या खुर्चीवरच डोकं धरून बसल्या.

चपलांच्या दुकानाच्या वरती एक करसल्लागार होता. बाराही महिने सर्दी झालेला, नाकाशी रुमाल धरून बोलणारा. त्याने बाईंचं सगळं ऐकून घेतलं आणि ना कपाळाला हात लावला ना उपदेश केला. अशी माणसं त्याच्याकडे रोज येत असावीत.

"घाबरू नका ताई," तो म्हणाला. "स्वतः होऊन आलात हे चांगलं झालं. मागच्या दोन वर्षांचा टॅक्स भरावा लागेल, वर थोडा दंड. हप्ते पाडून घेऊ. आता पुढचं सांगतो. वर्षभरात आले ते सगळे पैसे म्हणजे तुमची कमाई. त्यातून कामासाठी झालेला खर्च वजा करायचा. उरेल त्यावर टॅक्स. आणि तो वर्षाच्या शेवटी एकदम नाही, अधूनमधून आगाऊ भरत जायचा. पैसे आले की त्यातला थोडा भाग बाजूला काढा आणि तो आपला नाहीच असं समजा."

"खर्च म्हणजे कसला?" बाईंनी विचारलं. "माझं काम काय, बसून ऐकायचं."

"हेडफोन घेतला असेल. कॉम्प्युटर, इंटरनेट. ते पायाचं काय म्हणालात ते. आणि जागा. कुठे बसून काम करता?"

"स्वयंपाकघरात. टेबलावर."

"तिथेच जेवता?"

"मग कुठे जेवणार?"

"तर मग ते टेबल धरता येणार नाही. जागा फक्त कामाची असली पाहिजे, तरच घरभाड्याचा तेवढा हिस्सा खर्चात जातो. घरात दुसरी खोली आहे का?"

"आहे. पण ती मुलाची."

सल्लागाराने रुमाल खाली घेतला. "मुलगा राहतो तिथे?"

"येतो."

"शेवटचा कधी आला होता?"

बाई थांबल्या. इतक्या थांबल्या, की त्यांचं स्वतःचंच रेकॉर्डिंग असतं तर त्यांना तिथे 'विराम' लिहावा लागला असता. "गेल्या वर्षी त्याला जमलं नाही. त्याच्या आदल्या वर्षी... नाही, त्याच्याही आधी."

सल्लागाराने कागदावर काहीतरी लिहिलं. बाईंनी मान वाकडी करून वाचलं. 'एक खोली रिकामी.'

"रिकामी नाही हो," त्या म्हणाल्या. "पलंग आहे."

सल्लागार तसा भला माणूस. त्याने ते खोडलं नाही, पण समजावून सांगितलं. जुन्या टॅक्सचे हप्ते, चालू वर्षाचा आगाऊ टॅक्स आणि दोन खोल्यांचं भाडं, हे सगळं मिनिटावर मिळणाऱ्या पैशांत बसणार नाही. ती खोली कामाची करा, म्हणजे टॅक्स बराच उतरेल. नाहीतर एका खोलीचं घर बघावं लागेल, आणि मग मुलाची खोली तशीही राहणार नाही. आकडे त्याने नीट मांडून दाखवले. बाईंना त्यात एकही चूक सापडली नाही, आणि त्यांनी शोधली नव्हती असं नाही.

घरी येऊन त्यांनी मुलाला फोन लावला. काय बोलायचं ते त्यांनी वाटेतच जुळवलं होतं. प्रश्न असा विचारायचा, की त्याला नाही म्हणणं सोपं जावं. तो नाही म्हणाला, की मग जास्तीचं काम घेऊ, पहाटे उठू, काय वाटेल ते करू, पण खोली राखू. त्यांना त्याच्याकडून एवढंच हवं होतं. नुसतं 'नको गं, माझी खोली आहे ती,' एवढं.

"अरे, एक विचारायचं होतं," त्या म्हणाल्या. "तो टॅक्सवाला म्हणतोय, की तुझी खोली कामासाठी घ्यावी. पलंग काढावा लागेल. तुला आवडणार नसेल तर राहू दे हं. माझी काही अडचण नाही, मी त्याला सांगेन तसं."

"अगं आई, घे की!" मुलगा म्हणाला. "इतके दिवस का नाही घेतलीस? तो पलंग विकून टाक. मी कुठे येतोय राहायला!" मग त्याचं त्यालाच काहीतरी वाटलं असावं. "म्हणजे येईन गं, येणारच. पण माझी सोय काय, कुठेही होते."

बाईंचा कान धंद्याचा होता, त्याला सुट्टी नसते. 'अगं आई' आणि 'घे की' यांच्या आधी लिहिण्यासारखा विराम नव्हता. क्षणभराचासुद्धा नाही. त्यांनी "बरं झालं बाई, तुला विचारलं ते," असं म्हणून फोन ठेवला. मुलाने मनापासून, आईचं भलं व्हावं म्हणून हो म्हटलं होतं. म्हणूनच त्याच्यावर रागावताही येईना. त्या दिवशी त्यांनी वेबसाइटवर आलेलं काम न करताच परत पाठवलं. असं त्यांनी त्याआधी कधीच केलं नव्हतं.

पलंग घ्यायला एक नवरा-बायको आले. नवऱ्याने त्यावर बसून दोनदा उड्या मारून पाहिल्या, भाव पाडला, आणि बाईंनी तो पाडू दिला. टेबलाखालचे बूट, शाळेतली बक्षिसं, जुने शर्ट, सगळं एका खोक्यात भरलं. मग शंका आली म्हणून त्यांनी सल्लागाराला फोन केला. "साहेब, त्याचं एक खोकं आहे. ते खोलीत ठेवलं तर चालेल का?"

"ताई, करखातं तुमची खोकी उघडून बघायला येत नाही."

"तसं नाही. फक्त कामाची म्हणायचं आणि आत खोकं ठेवायचं..."

"ठेवा हो बिनधास्त."

बाईंनी ते स्वयंपाकघरातल्या माळ्यावर टाकलं. एकदा चूक झाली होती, आता सरकारच्या तोंडावर खोटं बोलायचं नाही, असं त्यांनी मनात पक्कं धरलं होतं. त्या नियम असे पाळायला लागल्या, की करखात्यानेही त्यांच्याकडून शिकावं. त्या खोलीत चहा घेत नसत. धुतलेले कपडे तिथे वाळत घालत नसत. शिंपीण गप्पा मारायला आली तर तिला दारातच वळवून स्वयंपाकघरात नेत. एखाद्या रेकॉर्डिंगमध्ये कुणी म्हातारी मुलाबद्दल बोलत असली आणि बाईंना भरून आलं, तर त्या पेडलवरून पाय उचलत, हेडफोन काढत, आणि उठून स्वयंपाकघरात जाऊन रडत. खोली फक्त कामाची होती.

खोली होती मात्र चांगली. उजेड भरपूर, रस्त्याचा आवाज नाही. काम भराभर होऊ लागलं. पैसे आले की टॅक्सचा भाग त्या वेगळ्या खात्यात टाकत आणि तो आपला नाहीच असं समजत. आपलं नसलेलं काहीतरी नेमाने सांभाळण्याची त्यांना सवय होतीच. जुने हप्ते फिटत आले. सल्लागार त्याच्याकडे येणाऱ्या दुसऱ्या लोकांना बाईंचं उदाहरण देऊ लागला. बाईंना ते ऐकून काही वाटलं नाही असं नाही, पण ते घरी येऊन सांगायला कुणी नव्हतं.

आणि मग मुलगा आला. याच शहरात नवी इमारत उभी राहत होती, तिच्या लिफ्टचं काम त्याच्या कंपनीला मिळालं होतं. आठवडाभर मुक्काम. फोनवर ते ऐकल्याबरोबर बाईंनी फोन ठेवून दुसरा फोन सल्लागाराला केला.

"साहेब, कामाच्या खोलीत कुणी काही रात्री झोपलं तर?"

"झोपू दे की. अगदी काटेकोरच राहायचं असेल तर तेवढ्या रात्रींचा हिस्सा वजा करू. टॅक्स थोडा वाढेल. पण एवढं कुणी सांगत नाही ताई."

"मी सांगेन," बाई म्हणाल्या. टॅक्स वाढणार हे ऐकून एवढा आनंद झालेलं माणूस सल्लागाराने पाहिलेलं नसावं.

त्यांनी बाजारातून नवी गादी आणली. जाड, घडीची, त्याची पाठ दुखू नये अशी. जिन्यातून ती एकटीने वर चढवताना त्यांना धाप लागली, पण शिंपिणीला त्यांनी हात लावू दिला नाही. टेबल भिंतीला सरकवलं, गादी मावते की नाही ते पाहिलं, मावली. मग ती गुंडाळून स्वयंपाकघराच्या दारामागे उभी केली. त्या आठवड्यासाठी काम घेतलं नाही.

मुलगा विमानतळावरून थेट आला तो हातात नुसती एक लहान पिशवी घेऊन. "सामान?" बाईंनी विचारलं.

"हॉटेलवर पाठवलं. कंपनीने साइटजवळच खोली दिलीय. सकाळी सातला हजर व्हायचं असतं, इथून जमलं नसतं." त्याने आईला जवळ घेतलं. मग तो कामाच्या खोलीच्या दारात गेला. "वा! ऑफिसच झालंय की!" तो खुर्चीत बसला, एक गिरकी घेतली, पेडल दाबून पाहिलं. "खरं सांगू आई? मला फार ओशाळं वाटायचं. माझ्यापायी अख्खी खोली अडवून ठेवली होतीस. आता बघ, सुटल्यासारखं वाटतंय."

"हो ना," बाई म्हणाल्या. गादीचं त्या बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर तो राहिलाही असता, निदान एक रात्र, आईचं मन मोडू नये म्हणून. बाईंना तसली रात्र नको होती.

तो पोटभर जेवला, स्वयंपाकाची तारीफ केली, ताट स्वतः घासलं. पुन्हा येतो म्हणाला आणि निघण्याच्या आदल्या दिवशी खरंच आला, पण टॅक्सी खाली उभी ठेवून. जिन्यात त्याने वळून हात हलवला. बाई दार लावून आत आल्या आणि गादीकडे न बघता कामाच्या खोलीत जाऊन बसल्या. आठवड्याचं काम बुडालं होतं, ते भरून काढायला हवं होतं.

वर्ष संपल्यावर त्या रिटर्न भरायला सल्लागाराकडे गेल्या. कागद सगळे जागच्या जागी, आगाऊ हप्ते वेळच्या वेळी भरलेले. सल्लागाराला विचारण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं. तो नाकाशी रुमाल धरून एकेक रकाना भरत होता. "खोली गेल्या वर्षीसारखीच. फक्त काम. दुसरा काही वापर नाही ना?" असं म्हणता म्हणता त्याने पुढच्या रकान्यावर बोट नेलंसुद्धा.

"झाला ना," बाई म्हणाल्या.

सल्लागाराने वर पाहिलं.

"मुलगा आला होता. म्हटलं होतं ना मी तुम्हाला? आठवडाभर होता. तिथेच झोपायचा."

"अहो, राहू दे ताई. एका आठवड्याने काय होतंय? कोण विचारतंय?"

"नाही. लिहा तुम्ही. खाली गादी घालायची मी. पलंगापेक्षा तेच बरं पडतं त्याला, पाठीला. सकाळी लवकर जायचा कामाला, पण संध्याकाळी घरीच. दिवा चालू ठेवूनच झोपतो अजून, मला उठून बंद करावा लागायचा."

हे सगळं त्या अडखळल्याशिवाय बोलल्या. सल्लागाराने खांदे उडवले, तेवढ्या रात्रींचा हिस्सा खर्चातून वजा केला आणि टॅक्स किती वाढला तो आकडा कागदावर त्यांच्यापुढे सरकवला. बाईंनी तो तिथल्या तिथे भरला.

"बऱ्याच दिवसांनी आला ना मुलगा?" पैसे घेताना त्याने सहज विचारलं.

"छे हो, येतो की," बाई म्हणाल्या. "या वेळी जरा जास्त राहिला, एवढंच."